टेलला पाणी किती वाजता पोचलं?

मराठवाड्यातल्या एका मोठ्या प्रकल्पाचं लाभक्षेत्र नुकतंच ज्यांच्याकडे आलं आहे, अशा एका अधीक्षक अभियंता बाईंचं पत्र आहे. वय ४७. नोकरीची बहुतेक वर्षं संकल्पचित्रं आणि बांधकामात गेली. कालवा चालवण्याची जबाबदारी पहिल्यांदाच अंगावर आली. रब्बीच्या दुसऱ्या आवर्तनात (कालव्याला ठरावीक दिवस पाणी सोडण्याच्या फेरीत) टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, सात गावांना पाणी पोचलं नाही. शेतकऱ्यांनी कार्यालयाला टाळं ठोकलं तेव्हा त्या आतच होत्या, दोन तास. नंतर कळलं की वरच्या अंगाच्या एका चारीला, म्हणजे कालव्याच्या लहान फाट्याला, ठरल्यापेक्षा चार दिवस जास्त पाणी चाललं. एका लोकप्रतिनिधीचा फोन आला होता, आणि तोही यांना नव्हे, हाताखालच्या शाखा अभियंत्याला. त्या विचारतात: ‘दोन शाखा अभियंत्यांच्या निलंबनाचा प्रस्ताव पाठवून पुढचं आवर्तन पोलिस बंदोबस्तात काढू, की नाशिकला संकल्पचित्र संघटनेत बदली मागून घेऊ? यजमान म्हणतात, कशाला अंगावर घेतेस. हाताखालचे लोक “हो मॅडम” म्हणतात आणि करायचं तेच करतात. तीन वर्षांत मी इथे काय बदलणार?’

ताई,

खात्यात तुम्हाला सगळे मॅडम म्हणत असतील. मी निवृत्त माणूस, वयाने मोठा, म्हणून ताई म्हणतो; चालवून घ्या.

तुमचं पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. चार पानांत फोन तीनदा येतो, ‘हो मॅडम’ पाच वेळा येतं, टाळं, पोलिस, निलंबन, बदली, सगळं येतं. क्युसेक, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी वाहिलं ते, एकदाही येत नाही. हेडला, म्हणजे कालव्याच्या सुरुवातीला, किती सोडलं, शाखा कालव्याच्या तोंडाशी किती होतं, त्या चारीला चार दिवस जास्त म्हणजे नेमकं किती गेलं, टेलच्या गेजवर, म्हणजे पाण्याची पातळी मोजायच्या पट्टीवर, काय दिसलं, काहीच नाही. सांडव्याचं संकल्पचित्र तपासताना असा कागद कोणी तुमच्यापुढे ठेवला असता तर तुम्ही तो तसाच परत धाडला असता.

हे टोचून म्हणत नाही. आकडा तुम्ही लिहिला नाहीत, कारण बहुधा तो कुणाकडेच नाही. किंवा रजिस्टरात आहे, पण त्यावर तुमचाही विश्वास नाही.

मी उपविभागीय अभियंता म्हणून पहिल्यांदा कालव्यावर गेलो तेव्हाची गोष्ट सांगतो. सकाळी साडेनऊला चौकीवर पोचलो आणि गेजचं रजिस्टर मागवलं. चौदा दिवसांच्या नोंदी एकाच शाईत, एकाच बैठकीत केलेल्या. सकाळी १.२०, दुपारी १.२०, संध्याकाळी १.२०. आणि त्या दिवशीची संध्याकाळसुद्धा भरून तयार! मी भडकलो. कालवा निरीक्षक माझ्या वडिलांच्या वयाचे. सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, “साहेब, गेजची पट्टी गेल्या पावसाळ्यात वाहून गेली. तीनदा मागणी केली. आकडा टाकला नाही तर रिपोर्ट परत येतो.” त्यांच्याच मोटारसायकलवर मागे बसून त्या दिवशी बेचाळीस किलोमीटर कालवा पाहिला. पेट्रोल त्यांच्या पदरचं. सातपैकी दोन गेज जागेवर होते आणि त्यातल्या एकाला कुणाची तरी म्हैस बांधलेली होती.

खोटी नोंद त्यांनी केली, हे खरंच. पण तो रिपोर्ट माझ्या टेबलावरून वर जायचा, माझ्या वरचे साहेब त्यावर सही करायचे, आणि १.२० हा आकडा वर्षभर हलत कसा नाही हे कोणी विचारायचं नाही. कालव्यात पाणी चढतं, उतरतं, रात्री चोरून पंपाच्या मोटारी पडल्या की घटतं, सकाळी पुन्हा भरतं. रजिस्टरातलं पाणी मात्र डबक्यासारखं स्थिर. त्या रजिस्टरात माझाही हात होता, हे समजायला मला दोन वर्षं लागली.

म्हणून तुमच्या पत्रातल्या पहिल्याच गृहीतकाशी मी थोडा थांबतो. तुम्ही म्हणता, राजकीय हस्तक्षेपामुळे टेलला पाणी मिळत नाही. हस्तक्षेप आहे, नाही कसा? पाण्यावर मतं मिळतात आणि जातातही. पण तो आत शिरतो कुठून ते पाहा. फोन तुम्हाला न येता शाखा अभियंत्याला गेला, याचा तुम्हाला अपमान वाटला. मला त्यात खूण दिसते. ही मंडळी हुशार असतात. ज्याच्या हाती गेटची किल्ली आहे आणि ज्याचं कोणी मोजत नाही, त्याला फोन जातो. चार दिवस जास्त चाललेलं पाणी तुम्हाला कळलं कधी? टाळं लागल्यावर. म्हणजे त्या चार दिवसांत तो शाखा अभियंता आणि फोन करणारा, दोघांनाही खात्री होती की वर कुणालाच दिसत नाही.

आता जरा पाटीवरचं गणित करू. एक क्युसेक पाणी चोवीस तास वाहिलं की सुमारे साडेचोवीस लाख लिटर होतं. एका पाळीला शेतात आठ सेंटिमीटर पाणी धरलं तर तेवढ्यात तीन हेक्टर भिजतात. ती चारी २५ क्युसेकची आहे असं धरून चला. चार दिवस म्हणजे १०० क्युसेक-दिवस, म्हणजे ३०० हेक्टर. वाटेतली गळती, झिरप वजा करा, तरी टेलच्या गावांचा दोन-अडीचशे हेक्टर हरभरा आणि गहू त्या एका फोनवर गेला. हे वाक्य फोनवर बोलता येतं. ‘साहेब, नियमात बसत नाही’ हे वाक्य आपण सगळे बोलतो आणि त्याला उत्तरही सगळ्यांना पाठ आहे: “बसवा की मग!” ‘साहेब, दोन दिवस वाढवले तर अमुक दोन गावांची पाळी कापावी लागेल, कापू का? तसं आज ग्रुपवर टाकतो’ याला मात्र चटकन उत्तर सुचत नाही. कारण ती गावंही त्यांच्याच मतदारसंघात असतात.

नकार देऊ नका, हिशेब द्या. आणि हिशेब फोनच्या आधी सगळीकडे पोचलेला असू द्या.

जायकवाडीचंच पाहा. नगर-नाशिकच्या धरणांतून त्याच्या नाथसागर जलाशयात पाणी सोडायचं की नाही, यावर मोर्चे, रास्ता रोको, कोर्टबाजी काय झालं नाही? २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यात समन्यायी वाटपाचं कलम होतं, पण ते किती आणि केव्हा हे ठरत नव्हतं, तोवर प्रत्येक दुष्काळात ज्याचा आवाज मोठा त्याचं ऐकलं जायचं. मेंढेगिरी समितीने २०१३ मध्ये तक्ता मांडला. १५ ऑक्टोबरला वरच्या आणि खालच्या धरणांत साठा किती ते पाहायचं, जायकवाडी ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर कुठल्या धरणसमूहातून किती सोडायचं ते त्या तक्त्यावरून ठरवायचं. २०१४ मध्ये प्राधिकरणाने तसा आदेश दिला, २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयातही तो टिकला. भांडण मिटलं का? अजिबात नाही. तक्ता बदला म्हणून आजही दोन्हीकडून जोर आहे. पण आता भांडण तक्त्यावर होतं. अधिकाऱ्याला मध्ये उभं राहायला जागा मिळाली. तुमच्या प्रकल्पात तुम्हाला हेच करायचं आहे, फक्त चारीच्या मापाने.

खात्यात आकडे नाहीत असं नाही. सिंचन स्थितीदर्शक अहवाल, बेंचमार्किंग, जललेखा, हे सगळं आपल्या खात्याने इतर राज्यांच्या आधी सुरू केलं आणि त्याचा मला अभिमान आहे. पण तो वर्षाचा आकडा, वर जाणारा. चारीवर खोरं घेऊन बसलेल्या माणसाला आजचा आकडा लागतो आणि तो त्याच्याकडे कधीच जात नाही.

दुसरं गृहीतक तुमच्या माणसांबद्दलचं. ‘हो मॅडम म्हणतात आणि करायचं तेच करतात.’ असेलही. पण एक गोष्ट तपासा: तुमच्या शाखेत कालवा निरीक्षकांची पदं मंजूर किती, भरलेली किती? मोजणीदार किती उरले? पाटकरी, पाटाचं पाणी फिरवणारे, तर निवृत्त होत गेले आणि जागा तशाच राहिल्या. एकेका माणसाकडे तीन-तीन बीट, म्हणजे देखरेखीचे टप्पे, आहेत. रात्री दोन वाजता आउटलेटवर, शेतांकडे पाणी सोडायच्या तोंडाशी, पन्नास जणांचा घोळका उभा असताना एकटा माणूस काय करतो, तर ‘हो’ म्हणतो. तो तिथेही ‘हो दादा’ म्हणतो आणि तुमच्यासमोर ‘हो मॅडम’. दोन्हीकडे तो एकच काम करत असतो, स्वतःला वाचवण्याचं.

निलंबनाचा विचार आता करू. समजा प्रस्ताव पाठवलात. मुख्य अभियंता पहिला प्रश्न विचारतील, किती पाणी जास्त दिलं? मग दोषारोपपत्रात काय लिहाल? ‘शेतकऱ्यांच्या सांगण्यानुसार चार दिवस’? ते दोघे मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, जातील आणि बहुधा परत येतील, छाती काढून. मधल्या काळात त्यांच्या शाखांचा अतिरिक्त कार्यभार तिसऱ्यावर पडेल, जो आधीच वाकलेला आहे. उन्हाळी आवर्तन तसंच जाईल. निलंबन कधीच करू नये असं माझं म्हणणं नाही. पुराव्याशिवाय करू नये, एवढंच. लेखी खुलासा मात्र दोघांकडूनही मागवा, आजच. तो दप्तरात राहू द्या.

आणि त्याच दिवशी दोघांना बोलावून एक सोय करून द्या. ‘ज्याचा फोन येईल त्याला माझा नंबर द्या. सांगा, मॅडमच्या लेखी आदेशाशिवाय पाळीपत्रक बदलायचं नाही असं आहे, माझा नाइलाज आहे.’ कनिष्ठ माणसाला ‘माझा नाइलाज आहे’ म्हणता येणं ही किती मोठी गोष्ट असते, हे तुमच्या-माझ्या हुद्द्यावर आल्यावर आपण विसरतो. पहिल्या महिन्यात तुमचा फोन दिवसभर वाजेल. वाजू द्या. प्रत्येक फोन वहीत लिहा: तारीख, वेळ, कोण, कोणती चारी, काय मागणी, मी काय सांगितलं. ती वही कुणाला दाखवायला नाही, पण ती आहे हे लोकांना कळतंच. कार्यालयात शिपायाला जे माहीत असतं ते तालुक्याला माहीत असतं.

पोलिस बंदोबस्ताबद्दल. कालव्यात रात्री मोटारी पडतात, कालवा फोडला जातो, कर्मचाऱ्यावर हात उगारला जातो, तिथे पोलिस हवेतच, आणि १९७६ च्या सिंचन कायद्याने कालवा अधिकाऱ्याला दिलेले अधिकार वापरायलाही हवेत. पंचनामा करा, आकारणी करा. पण अख्खं आवर्तन बंदोबस्तात काढायचं म्हणजे आपण कालवा चालवू शकत नाही हे जाहीर करायचं. पोलिस आठ दिवसांनी ठाण्यात परत जातात. तुमचा कालवा निरीक्षक त्याच गावात राहतो, त्याची पोरं त्याच शाळेत जातात.

मग करायचं काय? खूप काही करू नका. पुढच्या आवर्तनाला अजून तीनेक आठवडे असतील. मुख्य कालवा, शाखा कालव्यांची तोंडं आणि टेलचं शेवटचं आउटलेट, एवढ्याच ठिकाणचे गेज नीट करून घ्या. पट्ट्या, रंग, फ्ल्यूमच्या (पाणी मोजायच्या अरुंद पन्हळीच्या) तळाचा गाळ काढणं, याला निविदा लागत नाही, देखभाल-दुरुस्तीत बसतं. कुठल्या पातळीला किती पाणी वाहतं, तो प्रवाहाचा तक्ता तपासून घ्या. गाळाने, फुटक्या अस्तराने जुना तक्ता खोटा ठरलेला असतो. कालवा निरीक्षकाने दिवसातून दोनदा गेजचा फोटो काढायचा, पट्टी आणि पाणी एकाच फोटोत, आणि ग्रुपवर टाकायचा. ग्रुपमध्ये तुमचे अभियंते, पाणी वापर संस्थांचे अध्यक्ष आणि टेलच्या गावांतली दोन-तीन माणसं. कालवा सल्लागार समितीच्या सदस्यांनाही घ्या, सन्मानाने. कुणाला वगळलं असं होऊ देऊ नका. पाळीपत्रक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, तारखांसकट, गावाच्या नावासकट. आणि पाणी शेपटीकडून मुखाकडे फिरवा. आधी टेल, मग वर. हे प्रत्येक पुस्तकात लिहिलेलं आहे आणि जवळजवळ कुठेच होत नाही, कारण वरच्या माणसाला आपल्या डोळ्यासमोरून पाणी पुढे जाताना बघवत नाही. पाणी बारा दिवस चालणार आहे आणि त्यातले शेवटचे चार दिवस आपलेच आहेत, हे त्याला कागदावर दिसलं तर तो थोडा दम धरतो. नाही दिसलं तर तो पहिल्याच रात्री गेट उचलतो. मीही उचललं असतं.

यासाठी सगळ्यात उपयोगी माणसं तुमच्या कार्यालयाबाहेर आहेत, आणि त्यातल्या काहींनी तुम्हाला टाळं लावलं होतं.

नाशिक जिल्ह्यात दिंडोरीजवळचा वाघाड प्रकल्प तुम्ही ऐकला असेल. ओझर हे त्या कालव्याच्या टेलचं गाव. तिथे १९९० च्या सुमाराला समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी शेतकऱ्यांना घेऊन पाणी वापर संस्था काढल्या. सुरुवात टेलपासून झाली, कारण गरज टेललाच असते. ठरावीक पाणी मोजून घ्यायचं, पाणीपट्टी भरायची, आत वाटप आमचं आम्ही करू. पुढे वरच्या गावांनाही तेच हवंसं वाटलं, संस्था २४ झाल्या आणि प्रकल्पाच्या पातळीवर त्यांचा संघ झाला. २००५ मध्ये शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा आला, तेव्हा वाघाडचं उदाहरण सगळ्यांच्या तोंडी होतं. कायद्याखाली राज्यभर संस्था निघाल्या. त्यातल्या कित्येक आज फक्त फायलीत आहेत, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. पण एक विचारून बघा: या फायलीतल्या संस्थांना आपण कधी पाणी मोजून दिलं का? न मोजता दिलेल्या पाण्यावर संस्था कशी चालणार? सचिवाने सभासदांना हिशेब कशाचा द्यायचा?

जरा विषयांतर. दर १५ सप्टेंबरला आपण विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार घालतो आणि खडकवासल्याच्या स्वयंचलित दारांबद्दल भाषणं करतो. नीरा कालव्यावर त्यांनी बसवलेल्या ब्लॉक पद्धतीबद्दल फारसं कोणी बोलत नाही. कुठल्या जमिनीला, किती क्षेत्राला, कोणत्या पिकांना, किती वर्षं पाणी मिळणार हे आधी बांधून देणं, ही त्यात खरी करामत होती. शेतकऱ्याला उद्याची खात्री असली की तो आज हावरटपणा करत नाही. आणि त्याच्याही फार आधीपासून पांझरेच्या काठचे फड, गावांनी स्वतः चालवलेली पाटपाण्याची पद्धत, चालत होते. तिथला पाटकरी गावाने नेमलेला, गावाला उत्तर देणारा. आपला कालवा निरीक्षक वरच्या साहेबाला उत्तर देतो, आणि साहेब दर तीन वर्षांनी बदलतो. असो.

तुम्हाला टाळं लावणाऱ्यांना चहाला बोलवा असं मी म्हणणार नाही, ते फार सिनेमातलं होतं. तुम्ही जा. टेलच्या एखाद्या गावात, देवळाच्या पारावर, संध्याकाळी. भाषण करू नका. पुढच्या आवर्तनाचं पाळीपत्रक वाचून दाखवा, प्रत्येक गावाचा दिवस सांगा, आणि सांगा की तुमच्या आउटलेटवरचा गेज आता तुम्हीही वाचायचा. बायकांना आवर्जून बसवा. रात्री बारे धरायला नवऱ्याबरोबर बॅटरी घेऊन त्याच उभ्या असतात. पाणी किती वाजता आलं, किती वाजता तुटलं हे त्यांना अचूक ठाऊक असतं. तुमच्या पत्रात एक ओळ होती, ‘बाई आहे म्हणून गंभीरपणे घेत नाहीत.’ त्याबद्दल मी पुरुष काय बोलणार? मला तो काच सोसावा लागला नाही. पण पारावरच्या त्या बैठकीत तुम्हाला जे ऐकायला मिळेल ते मला तीस वर्षांत मिळालं नाही, एवढं मात्र खात्रीने सांगतो.

दोन बाबतीत मात्र हे सगळं सबुरीचं बोलणं बाजूला ठेवा.

एक, सुरक्षितता. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूणजवळचं तिवरे धरण फुटलं, वीसहून जास्त माणसं गेली. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधी केल्या होत्या. नंतर त्या फुटीचं खापर खेकड्यांवरही फोडून झालं. तुमच्या हद्दीत धरणाच्या पायथ्याला ओल दिसली, कालव्याच्या भरावातून गढूळ पाणी येऊ लागलं, दार अडकलं, तर कुणालाही दुखवायची भीड नको, कुणाच्या फोनची वाट नको. त्याच दिवशी पाहणी, त्याच दिवशी लेखी, वरपर्यंत. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने आता हात आणखी बांधलेत आणि ते बरंच आहे.

दुसरी, पैसा. गेज लावता लावता तुम्हाला न झालेल्या कामांची बिलं सापडतील. न काढलेला गाळ, न लागलेली दारं. तिथे हिशेब देऊन समजावणं वगैरे नाही, तिथे चौकशी. २०१२ मध्ये मुख्य अभियंता असताना विजय पांढरे यांनी सिंचन प्रकल्पांतल्या गैरप्रकारांबद्दल थेट वर पत्रं लिहिली. त्या गदारोळात श्वेतपत्रिका निघाली, माधवराव चितळ्यांची समिती बसली. ते धाडस मोठंच होतं. पण त्यांच्या पत्रांचं वजन कशात होतं? मोजमापं, अंदाजपत्रकं, वाढत गेलेल्या किमती. तेही अभियंत्याचंच पत्र होतं. चारीच्या चार दिवसांसाठी हे शस्त्र काढू नका. पण लागेल तेव्हा ते धार लावलेलं असावं.

आता बदलीचं. नाशिकला जाणं म्हणजे पळून जाणं, असं मी मानत नाही. संकल्पचित्रात तुम्ही उत्तम आहात, खात्याला तिथेही माणसं हवीत. रक्तदाब वाढला असेल, मुलीची बारावी असेल, घरी म्हातारं माणूस असेल, तर खुशाल जा आणि मनाला लावून घेऊ नका. यजमानांचं म्हणणं काळजीपोटीच आहे. मला खटकतं ते तुम्ही दिलेलं कारण: ‘तीन वर्षांत इथे काय बदलणार?’ वर्षांत मोजू नका. चांगल्या पावसाच्या वर्षी रब्बीची तीन, उन्हाळ्याची दोन-तीन आवर्तनं होतात. एखादं वर्ष कोरडं गेलं तरी तीन वर्षांत चौदा-पंधरा मिळतील. त्यातली दोन गेली. पुढची दोन-तीन फक्त बघण्यात आणि मोजण्यात घालवा. मग दहा उरतात. दहा वेळा टेलला ठरल्या दिवशी पाणी पोचलं तर अकराव्यांदा ते न पोहोचवणं तुमच्या जागी येणाऱ्याला जड जाईल, तो कितीही ऐदी असला तरी. कारण तोवर सात गावांना गेज वाचता येत असेल.

बदलीचा अर्ज लिहून ठेवा, खणात. जूनमध्ये, उन्हाळ्याचं शेवटचं आवर्तन संपल्यावर काढून वाचा. तेव्हाही द्यावासा वाटला तर द्या. टाळं लागलं त्या आठवड्यात दिलेला अर्ज पुढे आयुष्यभर मनात उलटसुलट होत राहतो. माझ्या एका मित्राचा होतो, अजून.

हे वाचणाऱ्यांत जीवन प्राधिकरणातले, नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यातले, जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधाऱ्यातले लोकही असतात. त्यांच्याकडे चारीच्या जागी व्हॉल्व्ह आहे आणि टेलच्या गावाच्या जागी टेकडावरची वस्ती. व्हॉल्व्हमनला शिव्या घालण्याआधी त्याच्याकडे लिहिलेलं वेळापत्रक आहे का, आणि ते वस्तीवर कुणाला माहीत आहे का, एवढं पाहा. टाकीची पातळी रोज कुणीतरी फळ्यावर लिहायला लागलं की नगरसेवकाचं बोलणंही जरा बदलतं, हे मी पाहिलेलं आहे.

ताई, एक राहिलं. गेजच्या पट्ट्या रंगवायला द्याल तेव्हा आकडे देवनागरीत आणि हाताएवढे मोठे काढायला सांगा. आमच्या वेळी बारीक इंग्रजी आकडे असायचे, ते आम्हीच वाचायचो. आणि तिसऱ्या आवर्तनात पाणी टेलच्या शेवटच्या आउटलेटवर किती वाजता पोचलं, ते मला कळवा. रात्र असली तरी स्वतः जा. बॅटरी घ्या, भरावाच्या डाव्या अंगाने चाला. उजवीकडे बहुतेक ठिकाणी बाभळी माजलेल्या असतात.